पाण्यातल्या मुंग्या

मी एक जुना पाणी तापवायचा हीटर आहे. मित्रांनो, भिंतीवर दिमाखात बसलेला गिझर तुम्ही पाहिला असेल. तो मी नव्हे. बादलीच्या काठावर आडवी काठी ठेवून तिला अडकवतात ना, वळ्यावळ्यांची नळी आणि वर काळी मूठ असलेला, तो मी. काही घरांत मला रॉड म्हणतात. केडगावच्या ज्या घरात मी तेरा हिवाळे काढले, तिथे मला नुसतं ‘हिटर’ म्हणत.

माझा जन्म भोसरीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तांब्याची एक नळी, तिच्या पोटात बारीक तारेची गुंडाळी, आणि ती तार नळीला कुठे चिकटू नये म्हणून भोवती ठासून भरलेली पांढरी पूड. ती पूड भरणाऱ्या बाई नव्या मुलींना शिकवताना म्हणायच्या, “वीज आत राहिली पाहिजे आणि ऊब तेवढी बाहेर आली पाहिजे. एवढंच याचं काम.” मी ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं. मग माझ्यावर चकचकीत मुलामा चढला, मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं आणि मी यवतच्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे एका संध्याकाळी म्हाळू आप्पा आले.

आप्पा तेव्हा केडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे जो ठरवतो त्याला गुळव्या म्हणतात. एक क्षण लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. आप्पा गरम पाकाचा थेंब पाण्यात टाकून दोन बोटांत चोळायचे आणि सांगायचे, “आला. उतरवा.” त्यांचा अंदाज चुकला असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, भागुबाईंनी, त्याच गुऱ्हाळावर काहिलीखालच्या भट्टीत बारा वर्षं उसाची वाळलेली चिपाडं सारली होती. दिवसभर तिथला धूर, पहाटे घरच्या चुलीचा धूर. शेवटी खोकला असा लागला की चार पावलं चाललं तरी त्या भिंतीला धरून उभ्या राहायच्या. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, “औषध देतो. पण धूर बंद झाला नाही, तर औषधाचा काही उपयोग नाही.”

भागुबाईंनी गुऱ्हाळ सोडलं. स्वयंपाकाला गॅस आला. पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापत होतं, म्हणून आप्पा दुकानात आले होते. त्यांनी मला हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारला.

“ह्याला धूर न्हाई ना?”

“विजेला कुठला आलाय धूर, आप्पा?”

“मग द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा पाण्यात उतरलो. आधी एक अडचण आली होती. माझ्या प्लगला तीन पिना होत्या आणि घरातल्या बोर्डाला दोनच भोकं. आप्पांनी पक्कड घेतली, मधली जाड पिन मोडून टाकली आणि प्लग बसवला. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

भागुबाई माझ्या समोर पाटावर बसून होत्या. फुंकणी नाही, काटक्या नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. बादलीतून वाफा निघू लागल्या तशा त्या गोंधळल्या.

“अवं, मी काय करू आता?” त्यांनी आप्पांना विचारलं.

“काय करायचंय? बस.”

“नुसतीच?”

“चा पी. गरम असतानाच पी.”

त्यांनी चहा ओतून घेतला आणि पाणी तापेपर्यंत तो निवांत प्याल्या. इतक्या वर्षांच्या संसारात सकाळचा चहा बसून प्यायची ती त्यांची पहिलीच वेळ होती, असं नंतर त्या स्वतःच शेजारणीला सांगत होत्या. त्या सकाळी मी किती सुखावलो, ते मला सांगता येणार नाही. पाणी काय, कुणीही तापवतं. मी एका माणसाला बसायला दिलं होतं.

दोन-तीन महिन्यांत भागुबाईंचा खोकला कमी झाला. पुढच्या हिवाळ्यात त्या स्टेशनापर्यंत चालत जाऊन भाजी आणू लागल्या. आप्पा आल्या-गेल्याला मला दाखवायचे. “औषधानं न्हाई, ह्या हिटरनं हिला उठवलं.” भागुबाई म्हणायच्या, “औषध काय मग मांजरानं पिलं व्हय?” पण त्याही मला पुसून खिळ्याला टांगायच्या, तेव्हा जरा हलक्या हातानेच टांगायच्या.

त्यांना एकच मुलगी, गौतमी. मी आलो तेव्हा ती नववीत होती. माझ्या नळीवर बारीक बुडबुडे कसे धरतात आणि सुटतात, ते ती टक लावून बघत बसायची. दहावीनंतर तिने आयटीआयला वीजतंत्रीचा कोर्स घेतला. पहिल्याच महिन्यात ती घरी आली, माझा प्लग हातात घेतला आणि म्हणाली, “आप्पा, ह्याची तिसरी पिन कुठाय?”

“ती जास्तीची हुती.”

“जास्तीची नसते आप्पा ती. अर्थिंगची असते. वीज चुकून बाहेर आली तर तिला जमिनीत जायला वाट लागते.”

“आपल्या हिटरची कशाला बाहेर येतीय?”

गौतमीने आणखी दोनदा सांगितलं. मग तिची परीक्षा आली, मग रांजणगावच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सची नोकरी लागली, मग लग्न होऊन ती शिरूरला गेली. तिसऱ्या पिनेचं राहूनच गेलं. घरात अशी कामं राहतात. त्यात कुणाची कुणावर माया कमी असते असं नाही.

आमच्याकडचं पाणी बोअरचं. ते तापवता तापवता माझ्या अंगावर पांढरे, दगडासारखे क्षार चढायचे. रविवारी विहारातली वंदना झाली की आप्पा मला घेऊन ओट्यावर उन्हात बसायचे आणि सुरीने एकेक वळी खरवडायचे. पांढऱ्या कपच्या उडायच्या. खालचं तांबं लख्ख दिसायला लागलं की ते मला उन्हात धरून म्हणायचे, “झाला का न्हाई नवा?” गुऱ्हाळाचं काम सुटल्यावर त्यांच्या हाताला काही काम उरलं नव्हतं. त्या हातांना मी लागत होतो. सुरीचं पातं अंगावरून फिरताना मला कधी दुखलं नाही. तेव्हा मी तो लाडच समजत होतो, आणि तो लाडच होता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जयंतीला गौतमी आली, ती एक मोठं खोकं घेऊनच. आत नवा गिझर होता.

“आई, आता बादली उचलायची नाही. नळ सोडायचा की गरम पाणी.”

भागुबाई हरखल्या. आप्पांनी मात्र खोक्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “आता उन्हाळा हाय. हिवाळ्यात बसवू.”

गौतमीला दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. ती गेली. आप्पांनी खोकं कोपऱ्यात सरकवलं, त्यावर एक जुना टॉवेल अंथरला आणि आपल्या गोळ्यांचा डबा आणि चष्मा ठेवला. खोक्याचं टेबल झालं. दिवाळी आली, थंडी पडली, तरी ते टेबलच राहिलं. गौतमी फोनवर विचारायची, “आप्पा, बसवायला माणूस पाठवू?”

“कशाला? ह्यो चाललाय की अजून.”

“अहो, तेरा वर्षं झाली त्याला.”

“तेरा वर्षांत एक दिवस खाडा न्हाई केला त्यानं. असा गडी कोन काढून टाकतं?”

भागुबाई पलीकडून ओरडायच्या, “मला विचारा की कुणीतरी!” पण फोन तोवर बंद झालेला असायचा.

मित्रांनो, आप्पांचं ते बोलणं ऐकून मला फार बरं वाटायचं. आणि आता जे सांगणार आहे, त्याची मला लाज वाटते. दिवाळीच्या सुमारास माझ्या तिसऱ्या वळीवर, जिथे नळी खरवडून खरवडून कागदासारखी पातळ झाली होती, तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. त्यातून पाणी आत झिरपलं. पांढरी पूड ओली झाली. आणि माझ्या पोटातली वीज त्या ओलीतून वाट काढत बादलीतल्या पाण्यात उतरू लागली.

पाणी मात्र पहिल्यासारखंच तापत होतं. वेळही तेवढाच लागत होता. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं, पण मला तोंड नव्हतं.

भागुबाईंची सवय चांगली होती. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग मी बाहेर, आणि त्यानंतरच पाण्यात हात. त्यांना म्हणून कधी काही झालं नाही. आप्पांची सवय निराळी होती. त्यांना बटण चालू असतानाच पाण्यात बोट बुडवून बघायला लागायचं. आयुष्यभर ज्या बोटांनी पाक पारखला, ती बोटं साध्या पाण्याला कशाला घाबरतील? एका सकाळी त्यांनी बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. हात हलवला, मुठी उघडझाक केल्या.

“काय झालं?” भागुबाईंनी विचारलं.

“काय न्हाई. मुंग्या आल्या हाताला.”

आप्पांना तीन वर्षांपासून साखरेचा आजार होता. हातापायाला मुंग्या येणं हे त्या आजारात होतं, हे त्यांनी ऐकलेलं होतं. पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांना मुंग्यांचं सांगितलं. त्या रोज सकाळी येतात आणि आंघोळीच्या पाण्यात हात घातल्यावरच येतात, हे मात्र सांगितलं नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिली आणि आधीचीच ताकीद पुन्हा दिली, “घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. पायाला जखम झाली तर भरायची नाही.” आप्पा ती ताकीद पाळायचे. आंघोळीची बादली उचलतानाही त्यांच्या पायात जाड रबरी चपला असायच्या.

दीड महिना असाच गेला. रोज सकाळी ते बोट माझ्याकडे यायचं आणि रोज मी भीतीने अर्धा व्हायचो. ज्या माणसाने मला तेरा वर्षं जपलं, त्याच्याच जिवावर मी उठलो होतो.

डिसेंबरच्या शेवटी नाताळची सुट्टी लागली आणि गौतमीची मुलगी समृद्धी आठ दिवसांसाठी आजोळी आली. पाच वर्षांची. दिवसभर तोंडाची टकळी चालू. गौतमीचं बघून तीही आजोबांना ‘आप्पा’च म्हणायची, आणि आप्पा जे करतील ते करायची. त्यांनी कमरेवर हात ठेवले की हिचेही हात कमरेवर. ते खाकरले की हीपण खाकरायची.

तिसऱ्या दिवशीची सकाळ. बाहेर उसावर दाट धुकं होतं. भागुबाई दूध आणायला गेल्या होत्या. आप्पांनी मला बादलीत सोडलं, बटण दाबलं आणि टॉवेल आणायला आत वळले. समृद्धी पाटावर उभी होती. पाट कोरडा होता, हे मी आजही नशीब समजतो. तिने आप्पांसारखी बाही वर केली आणि पाण्यात एक बोट बुडवलं.

“आई गं!” तिने बोट काढून छातीशी धरलं. “आप्पा, पाणी चावलं मला!”

आप्पा हसत बाहेर आले. “पाणी कुठं चावतं व्हय गं? पोळलं आसंल.”

“पोळलं नाही. चावलं. मुंग्या चावतात तसं.”

“बघू.” आप्पांनी आपलं बोट बुडवलं. आणि नेहमीसारखं झटकन काढलं. “ह्या व्हय! ह्या तर माझ्या साखरेच्या...”

ते बोलता बोलता थांबले. हसू तोंडावरच राहिलं. ते आपल्या बोटाकडे बघत होते, मग समृद्धीच्या बोटाकडे.

“पाच वर्षांच्या पोरीला साखर कुठनं आली?” ते स्वतःशीच पुटपुटले.

तेवढ्यात समृद्धी म्हणाली, “थांबा, मी परत बघते,” आणि पाटावरून उतरली. अनवाणी, मोरीच्या ओल्या फरशीवर. हात पुढे केलेला.

आप्पांनी तिला दोन्ही हातांनी मागे लोटलं. ती दाराच्या उंबऱ्यापाशी जाऊन पडली. कोपर खरचटलं आणि तिने असा टाहो फोडला की शेजारचे लोक ओट्यावर आले. आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी झेप घेऊन बटण बंद केलं, वायर धरून प्लग उपटला, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

भागुबाई दुधाचं भांडं घेऊन धावत आल्या. “काय झालं? पोरगी का रडतीय?”

“आप्पांनी मला ढकललं!”

“ढकललं? अवं, ढकललं तिला?”

आप्पांनी नुसता माझ्याकडे हात दाखवला. मग त्यांनी समृद्धीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिचं खरचटलेलं कोपर आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिले. जरा वेळाने म्हणाले, “फोन लाव गौतमीला. म्हणावं, आजच्या आज ये.”

गौतमी पहिली पाळी उरकून न्हावऱ्यामार्गे दुपारनंतर पोहोचली. सोबत तिची कामावरची पिशवी होती. तिने आधी लेकीला जवळ घेतलं, मग मला. मीटरची एक काडी तिने माझ्या प्लगच्या पिनेला आणि दुसरी माझ्या अंगाला लावली आणि आकड्याकडे बघून डोळे मिटले.

“आप्पा, किती दिवस हाताला मुंग्या येतात?”

“दिवाळीपासनं.”

“आणि पायात काय असतं तेव्हा?”

“ह्याच की चपला. डॉक्टर म्हनत्यात म्हणून.”

गौतमीने त्या चपलांकडे बघितलं. “ह्या नसत्या ना आप्पा,” ती हळूच म्हणाली, “तर आज मी तुमच्याशी बोलत नसते.”

भागुबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग गौतमीने मला उजेडात धरलं. तिसऱ्या वळीवरचं भोक तिला दिसलं. त्याच्या आजूबाजूचे सुरीचे चरेही दिसले. मी बघत होतो, तिने अंगठा सरकवून ते चरे झाकले.

“कशानं पडलं गं भोक?” आप्पांनी विचारलं.

“जुना झाला आप्पा. जुनं झालं की पडतं.”

“आन इकडं.” आप्पांनी मला घेतलं आणि त्या वळीवरून बोट फिरवलं. सावकाश, पुन्हा एकदा. पाकाचा थेंब ओळखणारं बोट ते. “हे सुरीचं हाय,” ते म्हणाले. “माझ्या सुरीचं. मी त्याला चकचकीत ठिवायला गेलो.”

“आप्पा, चूक माझी आहे. खोकं ठेवून नुसतीच निघून गेले मी. बसवून द्यायला पाहिजे होतं.”

“तू सांगत हुतीस. मीच आडमुठा.”

“नाही आप्पा, त्या पिनेचं मला कळलं तेव्हाच मी...”

“ए!” भागुबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता, पण त्यात धाकही होता. “चूक कुणाची ती सावकाशीनं वाटून घ्या दोघं. आधी त्यो डबा आन् चष्मा उचला, आन् खोकं उघडा.”

खोकं उघडलं, पण गौतमीने गिझर लगेच बसवला नाही. “आधी अर्थिंग,” ती म्हणाली. रविवारी घरामागे खड्डा खणायचं ठरलं. तो आप्पांनीच खणला, दुसऱ्या कुणाला कुदळ देईनात. गौतमीने त्यात लांब सळई उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर भरले. भागुबाई बघत होत्या. “मीठ कशाला गं? जमिनीला फोडणी देतीस का काय?” इतक्या दिवसांनी त्या घरात सगळे एकदम हसले. मग नवी वायर, तीन भोकांचा नवा बोर्ड आणि एक छोटी पेटी बसली. वीज जराशी जरी बाहेर गेली तरी ती पेटी क्षणात लाइन तोडते, असं गौतमीने सांगितलं. ते ऐकून माझ्या मनात आलं, ही पेटी माझ्या वेळी असती तर. पण ते असो.

गिझर भिंतीवर बसला. पांढराशुभ्र, गोल, जरा लाजाळू. मला त्याचा मत्सर वाटेल असं मला वाटलं होतं. पण भागुबाईंनी नळ सोडला, हातावर गरम पाणी घेतलं आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या, तेव्हा मत्सर कुठच्या कुठे गेला. त्यांना आता वाकून बादली उचलावी लागणार नव्हती. मी तेरा वर्षांत एवढं कधी देऊ शकलो नव्हतो.

आठ दिवसांनी आप्पा डॉक्टरांकडे गेले आणि मुंग्या गेल्याचं सांगून आले. डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकून कपाळाला हात लावला आणि वाढवलेली गोळी बंद केली. चपला मात्र चालूच ठेवायला सांगितल्या.

राहिला प्रश्न माझा. भंगारवाला दारात आला, तेव्हा आप्पांनी मला त्याच्याकडे दिलं नाही. “ह्यो कुणाला तरी ईकंल,” ते म्हणाले. “आन् त्या घरातबी एखादी समृद्धी आसंल.” त्यांनी मला धुतलं, कोरडं पुसलं आणि ओट्यावर घेऊन बसले. गौतमी पक्कड घेऊन आली. आप्पांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

“मी कापतो.”

माझी वायर मुठीपाशी कापताना त्यांचे डोळे भरून आले. ते मला म्हणाले, “लय केलंस बाबा. आता बस.”

मित्रांनो, मला एवढंच हवं होतं. माझी वायर तुटली आणि दीड महिन्याची माझी भीती त्या क्षणी संपली. आता माझ्या हातून कुणाचंही वाईट होणार नव्हतं.

पुढे गौतमी मला घेऊन गेली. तिच्या ओळखीच्या सुलक्षणा बाई केडगावजवळच्या एका शाळेत शिकवतात. त्यांनी तिला बोलावलं होतं. शनिवारची सकाळची शाळा होती. गौतमीने मला वर्गात सगळ्यांना दिसेल असं धरलं, तिसऱ्या वळीवरचं भोक दाखवत मला मुलांच्या हातोहात फिरवलं आणि घडलेलं सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट. मग तिने विचारलं, “तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा हीटर आहे?”

निम्म्याहून जास्त हात वर झाले.

मागच्या बाकावरची एक मुलगी हात खाली करेना. “मॅडम,” ती म्हणाली, “आमच्या हिटरच्या प्लगला पिनाच नाहीत. नुसत्या वायरी बोर्डात खोचून वर काडेपेटीच्या काड्या लावतो. आणि आई आत्ता बाळासाठी पाणी तापवत असेल.”

गौतमीने खडू खाली ठेवला. “आईचा नंबर पाठ आहे?”

पाठ होता. गौतमीने फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि एका बाईचा घाईतला आवाज, “कोन बोलतंय?”

“ताई, मी तुमच्या मुलीच्या शाळेतून बोलतेय. मुलगी बरी आहे, काळजी करू नका. तुमचा हीटर चालू आहे का?”

“व्हय. का वं?”

“आधी बटण बंद करा. पाण्याला, वायरीला, कशाला हात लावू नका. नुसतं बटण. मग बोलू.”

फोनमधून पावलं ऐकू आली. चार-पाच पावलं. आणि मग बटणाचा आवाज आला. टक्.

“केलं बंद,” ती बाई म्हणाली. “आता सांगा, काय झालंय?”

मित्रांनो, माझी तुमच्याकडे विनंती आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, आम्हाला ती आवडते. आमच्यावरचे क्षार काढायचे तर सुरी लावू नका, चिंचेच्या पाण्यात भिजवा. पाण्यात बोट घालण्याआधी बटण बंद करा आणि प्लग काढा. आणि जाणत्या माणसाने तपासून सांगितलं की आमचं आता झालं, तर आम्हाला थकल्या माणसासारखं बसू द्या. आम्हाला त्याचा राग येत नाही. तुम्ही सगळे धडधाकट राहून सकाळी गरम पाण्याने आंघोळ करता आहात, एवढं कळलं तरी आमचं पोट भरतं.